पन्नास हर्ट्झ

गुन्वोरने ते बिस्किटांच्या डब्यातून आणलं.
रात्रीचे साडेअकरा, बाहेर लख्ख ऊन.
वार्डोत जून महिन्यात दुकान कधी मिटायचं
ते घड्याळाला विचारावं लागतं.

कार्ट्रिज घरगुती. कुठल्याशा फुटबॉलच्या खेळाचं कवच,
चिप उंच बसली म्हणून वरून करवतीने कापलेलं,
आणि स्क्रूऐवजी जाळी विणायच्या दोऱ्याची गाठ.
"फुंकर मारून पाहिली," ती म्हणाली.
सगळेच मारतात. श्वासातली ओल तांब्याला चिकटते
आणि पुढच्या वर्षी हिरवी होऊन माझ्याकडे येते.
मी काही बोलले नाही. खोडरबर घेतलं.

गाठ सोडवली, कापली नाही.
आत आम्लाने खाल्लेल्या वाकड्या वाटा,
डाख जाड, बोटीवरच्या माणसाचा,
लाटेने हात हलला तरी सुटू नये असा.
मधोमध अठ्ठावीस पायांची गोम
आणि तिच्या पाठीवर काचेची गोल खिडकी.
खिडकीवर कधीतरी काही चिकटवलेलं होतं.
आता नुसता वाळक्या डिंकाचा चौकोन.

"आयलिफ गेल्यावर शेडमध्येच पडून होतं.
शेडचं दार वाऱ्याने नेलं, त्याला आता दोन उन्हाळे झाले."

दोन उन्हाळे. म्हणजे चोवीस तासांचं ऊन.

विसरलं की शून्य उरतं असं आपण धरून चालतो.
या चिपेचं उलटं. कोरी असते तेव्हा ती एकाने भरलेली असते,
लिहायचं म्हणजे जागा बघून एकाचं शून्य करायचं.
मग ऊन येतं आणि एकेक शून्य पुन्हा उभं राहतं.
काठोकाठ भरते बिचारी,
आणि त्यालाच पुसणं म्हणतात.

पाच व्होल्टला वाचली. कचरा.
पुन्हा वाचली. वेगळा कचरा.
मला बरं वाटलं. पुरतं गेलेलं दर वेळी तेच बोलतं,
हे अजून डळमळत होतं.
मग व्होल्टेज उतरवत गेले. चार पूर्णांक सात. चार पूर्णांक चार.
एकोणीस वर्षं ट्रॉलरांची रडारं दुरुस्त केली, त्यातून एवढं कळलंय:
म्हाताऱ्याला ओरडून विचारलं की तो सगळ्याला हो म्हणतो.
हळू विचारावं. मग त्याला आठवतं
कुठे कुठे नाही म्हणायचं होतं ते.
चार पूर्णांक एकला शून्यं परत आली.
तीनदा वाचलं. तिन्ही सारखी.

नव्या चिपेत उतरवून टेबलावरच्या यंत्रात खोचलं.
पडद्यावर एक बोट, तीन रंगांची,
डावीकडून उजवीकडे निघालेली. शत्रू नाही, गुण नाहीत,
बटण दाबलं की इंजिन खोकतं.
"एवढंच?" माझा भाचा अस्लाक, वय तेरा.
"एवढंच," गुन्वोर म्हणाली. जरा थांबून:
"पण ही घाईत आहे. तो असा जायचा नाही."

मी पुन्हा आकडे तपासले, एकेक ओळ, बोट ठेवून.
चूक कुठेच नव्हती. मग कपाळावर हात मारला.
टेबलावरचं यंत्र मी अमेरिकेतून मागवलेलं,
सेकंदाला साठ ठोक्यांचं.
आयलिफने बोट बांधली ती इथल्या विजेवर,
इथल्या टीव्हीवर. पन्नास.

माळ्यावरून जुनं काढलं, दातांसारखं पिवळं पडलेलं.
बोट मंदावली.
गुन्वोरने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला
आणि बसली.
पलीकडच्या काठाला लागायला तिला साडेचार मिनिटं लागतात.
अस्लाक दोनदा आत जाऊन आला.

पैसे विचारले तिने. मी म्हटलं, सुक्या कॉडचे दोन तुकडे.
जुनी चिपही तिला हवी होती.
खिडकीवर लावायला हाताशी काही नव्हतं,
मासळीच्या दुकानातलं एक लेबल सापडलं, किलोचा भाव छापलेलं,
त्याच्यावर काळी पट्टी, आणि अंगठ्याने दाबून बसवलं.

डबा तिने कोटाच्या आत धरला
आणि बाराच्या उन्हात उताराने निघाली,
सावलीच्या बाजूने.
त्या रस्त्याला भिंत एकच आहे,
तीही अर्धी.